बोअर शेठचा, चावी कुणाच्या हातात?

९ ऑक्टोबर २०२४च्या रात्री रतन टाटा गेले आणि दुसऱ्या दिवशी सोलापुरात ज्याच्या-त्याच्या स्टेटसला त्यांचा फोटो होता. राज्यात दुखवटा जाहीर झाला, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ज्यांनी जन्मात एक शेअर घेतलेला नाही, ज्यांच्या घरात टाटा म्हणजे फक्त मिठाची पिशवी, त्यांनीही ‘देवमाणूस गेला’ असं लिहिलं. पुढारी गेला की पक्षातली माणसं हळहळतात, नट गेला की चाहते. एका कारखानदारासाठी अख्खं गाव हळहळतं, हे नवलच म्हणायचं.

दिवाळीच्या आसपास देशातल्या दानशूर धनिकांची एक यादीही फिरत असते. २०२४च्या एडेलगिव्ह-हुरून यादीत एचसीएलचे शिव नाडर पहिले होते, वर्षाची देणगी २,१५३ कोटी रुपये. अशी यादी आली की कट्ट्यावर दोन तट पडतात. एकाला ही माणसं देवासारखी वाटतात, दुसरा म्हणतो, ‘काही नाही ओ, सगळं टॅक्स वाचवायचं नाटक.’ दोघांनाही निकाल द्यायची घाई झालेली असते. श्रीमंताने दिलेला पैसा नेमका कुठून निघतो, कुठे जातो आणि त्याच्यावर हुकूम कोणाचा चालतो, एवढं कळलं तर निम्मं भांडण आपोआप मिटेल. उरलेलं निम्मं मात्र खुशाल करावं.

टाटा पहिल्या नंबरला का नव्हते?

एवढा मोठा समूह, मग श्रीमंतांच्या यादीत रतन टाटा वर का नसायचे, हा प्रश्न अनेकांना पडायचा. टाटांच्या सगळ्या कंपन्यांच्या वर टाटा सन्स नावाची एक कंपनी आहे आणि तिचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटा ट्रस्टांकडे आहेत.

ट्रस्ट म्हणजे न्यास. मालमत्ता एकाने द्यायची, ती सांभाळायला विश्वस्त नेमायचे आणि तिचा लाभ ठरलेल्या कामाला किंवा लोकांना द्यायचा, अशी ही कायद्याने बांधलेली व्यवस्था. विश्वस्ताला सही करता येते, पण मालमत्ता स्वतःच्या नावावर चढवता येत नाही. रतन टाटा या ट्रस्टांचे अध्यक्ष होते, त्या शेअरचे मालक नव्हते. म्हणून यादीत नाव खाली.

हे करून ठेवलं होतं आधीच्या पिढीने. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. (हे सर रतन वेगळे. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आणि आपल्या ओळखीच्या रतन टाटांचे दत्तक नात्याने आजोबा.)

यातलं आपल्याकडच्या घराघरांत पोचलेलं काम म्हणजे परळचं हॉस्पिटल. सोलापुरात कुणाला कॅन्सर निघाला की ‘टाटाला नेलंय’ एवढंच सांगतात, पुढचं ऐकणारा समजतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये मांडीवर रिपोर्टची जाड फाईल घेऊन बसलेली माणसं हमखास दिसतात. ते रुग्णालय १९४१ साली दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२पासून अणुऊर्जा विभागाच्या ताब्यात आहे. म्हणजे नाव टाटांचं राहिलं, कारभार सरकारचा झाला. बहुतेक रुग्णांना हे ठाऊकही नसतं.

गल्लीतला एक नळ

आता हेच सोलापूरच्या पाण्यात बुडवून पाहू. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, ते नवीन सांगायला नको. समजा तुमच्या गल्लीत एका शेठजींच्या बोअरला चांगलं पाणी लागलं आणि त्यांनी कंपाउंडबाहेर नळ काढून दिला. एप्रिलच्या उन्हात त्या नळाची किंमत काय, हे घागर उचलणाऱ्या बाईला विचारा. गल्ली शेठजींना दुवा देते, गणपतीत त्यांच्या हस्ते आरती होते. ही कृतज्ञता खरी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण नळाची चावी शेठजींच्या घरात आहे. पाणी किती वाजता सोडायचं, पलीकडच्या गल्लीतल्यांना भरू द्यायचं की नाही, भाडेकरूशी वाद झाला तर त्याची घागर बाजूला काढायची का, सगळं त्यांच्या मर्जीवर. महापालिकेचा नळ कोरडा पडला तर नगरसेवकाला धरता येतं, हंडा मोर्चा नेता येतो. शेठजींच्या दारात हंडा मोर्चा कोण नेणार? उलट पाणी मिळतंय म्हणून महापालिकेच्या नावाने ओरडणारेही हळूहळू गप्प बसतात.

आता शेठजींनी एक पाऊल पुढे टाकलं. बोअर, मोटर आणि विजेच्या बिलापुरती ठेव गल्लीच्या मंडळाच्या नावावर केली, चावी मंडळाकडे दिली, हिशेब फळ्यावर लावायची अट घातली. पाणी तेवढंच, पण आता उद्या शेठजी रागावले, वारले किंवा त्यांच्या मुलाने घर विकलं, तरी नळ चालू राहतो. आणि चावीवाला चुकला तर त्याला विचारता येतं.

माझ्या मते दानाची खरी परीक्षा इथे होते. आकड्यापेक्षा मी चावी पाहतो.

सीएसआरला दान म्हणायचं का?

शाळेच्या भिंतीवर ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ असा फलक दिसला की आपण कंपनीच्या मालकाचे आभार मानतो. बऱ्याचदा ते आभार चुकीच्या पत्त्यावर जातात.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार, ज्या कंपनीचं नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. यालाच सीएसआर, म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणतात. १ एप्रिल २०१४पासून हा नियम लागू आहे. सरासरी नफा दहा कोटी असेल तर वीस लाख. खर्च झाला नाही तर आता पैसे कंपनीच्या खिशात राहत नाहीत, ते ठरावीक खात्यात किंवा सरकारी निधीत भरावे लागतात.

म्हणजे हा पैसा मालकाच्या घरातला नाही, कंपनीचा आहे, आणि तो कायद्याने काढलेला आहे. फताटेवाडीच्या एनटीपीसीसारखी कंपनी तर सरकारीच. तिने आसपासच्या गावांत काही केलं तर ते चांगलंच, कायदाही सांगतो की प्रकल्पाच्या परिसराला प्राधान्य द्या. पण त्यात कुणाचं दातृत्व शोधू नये. याउलट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखानदार, ज्याला हा कायदा लागूच होत नाही, तो कामगाराच्या पोरीची इंजिनिअरिंगची फी गुपचूप भरतो, तेव्हा ते दान असतं. त्याचा फलक लागत नाही, स्टेटसही पडत नाही.

फलकांबद्दल बोलतोच आहे तर, आपल्या देवळांतले पंखे पाहिलेत? तिन्ही पात्यांवर आजोबांचं नाव रंगवलेलं. बटण दाबलं की नाव दिसेनासं होतं आणि वारा लागतो. एवढ्या देणगीचा हिशेब तिथल्या तिथे पुरा होतो.

‘पण हे सगळं टॅक्स वाचवायलाच ना?’

कागद-पेन्सिल घेऊन बसू. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते, ती ‘८०जी’ नावाने सगळ्यांना माहीत आहे. तीस टक्के कर भरणाऱ्याने शंभर रुपये दिले आणि पूर्ण शंभरावर वजावट मिळाली, तर त्याचा कर तीस रुपयांनी वाचतो. बऱ्याच संस्थांच्या देणगीवर निम्मीच वजावट असते, तिथे वाचतात पंधरा. नवीन करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत नाहीच. आणि सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. निव्वळ पैसे वाचवायचे असतील तर न देणं केव्हाही स्वस्त. खोट्या पावत्या फाडून पैसे फिरवणारे महाभाग आहेत, पण तो गुन्हा झाला.

या हिशेबाची दुसरी बाजू फारसं कुणी मांडत नाही. शंभरातले ते तीस रुपये सरकारी तिजोरीत गेले असते, म्हणजे ते आपले होते. कुठे खर्च करायचे हे विधिमंडळात किंवा संसदेत ठरलं असतं, ते आता देणाऱ्याने ठरवलं. ‘पैसा त्याचा, आपण कोण विचारणारे?’ असं म्हणणाऱ्याला माझं उत्तर एवढंच, की सवलत घेतली त्या घटकेपासून त्यात थोडा पैसा आपलाही आहे.

हिरो का लागतो आपल्याला?

सोलापूरने देशाला एक मोठा उद्योजक दिला: वालचंद हिराचंद. २३ नोव्हेंबर १८८२ला ते इथे जन्मले. रेल्वेची कंत्राटं घेता घेता जहाजांत शिरले. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून निघाली, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९४०ला बंगळुरात विमानांचा कारखाना, मग विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मग मोटारी. ज्या गावाला समुद्र नाही, त्या गावच्या माणसाने जहाजं काढली. पोराटोरांना सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट कुठली?

अशी गोष्ट लागते, कारण धंदा म्हणजे लबाडी हा समज आपल्यात घट्ट बसलाय आणि एखादा वालचंद तो मोडतो. पण हिरोच्या गोष्टीत बाकीची माणसं पुसली जातात. कंत्राटांच्या सुरुवातीला फाटक नावाचे भागीदार होते. विमानाच्या कारखान्यात म्हैसूर संस्थानाचा वाटा होता. ब्रिटिश जहाज कंपन्यांशी झुंजताना स्वदेशीचं वारं पाठीशी होतं. एकट्याच्या जिद्दीवर एवढं उभं राहत नाही, हे वालचंदांना नक्कीच ठाऊक असणार. आपण मात्र ते विसरतो.

विसरलो की काय होतं? धंद्यात मोठा झालेला माणूस सगळ्याच विषयांत शहाणा ठरतो. ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं आणि देशभर चर्चा झडली. विडी घरकुलात, म्हणजे आपल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, सकाळी सूप मांडीवर घेऊन बसणारी बाई हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत उठत नाही, मध्ये स्वयंपाक, पाणी, पोरांचं पाहणं. तिच्या तासांची मोजदाद कुणी करत नाही आणि कामाच्या तासांवर तिचं मत कुणी विचारत नाही. मूर्तींनी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम त्याने लहान होत नाही. फक्त त्या कामाचं वजन या मताच्या पारड्यात टाकायचं कारण नाही.

वालचंदांच्या नावाची कॉलेजं सोलापुरात आहेत, सांगलीतही आहे. सांगलीचं कॉलेज १९४७ला न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं आणि १९५५ला त्याला वालचंदांचं नाव मिळालं. तोवर ते वारले होते. तिथे शिकलेल्या हजारोंना आज ते नाव बोटीमुळे नाही, डिग्रीवरच्या छापामुळे पाठ आहे.

‘आधी कामगाराला द्या, मग दान करा’

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, आणि गिरण्या-मागांच्या या शहरात तो हसण्यावारी नेता येत नाही.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी नावाचे पोलादसम्राट होते. जगभर अडीच हजारांवर वाचनालयांना त्यांचा पैसा लागला, आधुनिक दातृत्वाचे ते आद्यपुरुष मानले जातात. याच कार्नेगींच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली पगारकपातीवरून संप झाला. कंपनीने खासगी बंदूकधारी आणले, गोळीबारात माणसं मेली, युनियन मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडला होते. पुढे १८९८ला त्याच भागात त्यांनी देखणं वाचनालय बांधून दिलं. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस तिथे कधी वाचायला बसणार, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वाचनालय खोटं नव्हतं आणि पगारकपातही खोटी नव्हती. दोन्ही खाती वेगळी ठेवायला हवीत. आपण काय करतो, की एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या उधारीवर टाकून ‘चुकता’ असा शिक्का मारतो. मागावरच्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी थकवणाऱ्याने सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कितीही लोकांना जेवू घातलं तरी निधीचं देणं देणंच राहतं. आणि ज्याने ते वेळेवर भरलं, त्याने अन्नदान केलं नाही म्हणून त्याचं काही अडलेलं नाही.

‘शाळा-दवाखाने सरकारचं काम, श्रीमंत मध्ये का?’

कारण सरकारी पैसा जपून चालतो, आणि नवीन काही करून पाहताना फसला तर लेखापरीक्षणात अडकतो. खासगी पैशाला फसायची मुभा असते. एखादा प्रयोग आधी शंभर शाळांत करायचा, जमला तर सरकारने लाखभर शाळांत न्यायचा, ही विभागणी कागदावर तरी चांगली आहे. शंभराच्या पुढे रेटायची ताकद मात्र सरकारकडेच.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली. हा पुरस्कार देते वार्की फाउंडेशन, आणि त्याचे संस्थापक सनी वार्की हे दुबईतून खासगी शाळांची साखळी चालवणारे उद्योजक. गंमत पाहा: खासगी शाळांवर मोठ्या झालेल्या माणसाच्या पैशाने सरकारी शाळेतला मास्तर जगाला दिसला. पण त्या मास्तरचा पगार आणि पोरांची पाठ्यपुस्तकं सरकारच्या पैशाची होती. पुरस्काराने प्रकाश पडला, शाळा आधीपासून चालू होती.

अझीम प्रेमजींनी मार्च २०१९मध्ये विप्रोच्या आणखी ३४ टक्के शेअरचा लाभ समाजकार्यासाठी दिला, किंमत ५२,७५० कोटी. आधीचं धरून एकूण १.४५ लाख कोटी, कंपनीतला ६७ टक्के आर्थिक वाटा. एवढं भारतात दुसऱ्या कुणी हयातीत दिलेलं नाही. माझ्या कसोटीवर मात्र हे मिश्र उदाहरण आहे: शेअरची कमाई सुटली, कंपनीची सूत्रं घरातच राहिली, त्याच वर्षी चिरंजीव अध्यक्ष झाले. प्रेमजींनी २०१३ साली सही केलेली ‘गिव्हिंग प्लेज’, म्हणजे निम्म्याहून जास्त संपत्ती देण्याची जाहीर शपथ, तर कायद्याने कुणालाच बांधत नाही. प्रेमजींनी पाळली. सह्या करणारे सगळेच पाळतील असं नाही.

ज्यांचा स्टेटस पडत नाही ते दोशी

सोलापुरातच एक गृहस्थ होऊन गेले, ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. १९४०च्या सुमारास त्यांनी ठरवलं की आपली कमाई धर्म-समाजाच्या कामी लावायची. इथपर्यंत ठीक, असं ठरवणारे पुष्कळ असतात. त्यांनी पुढे जे केलं ते मला दुर्मीळ वाटतं. ते देशभर हिंडले आणि ठिकठिकाणच्या जैन विद्वानांना विचारत सुटले की हा पैसा नेमका कोणत्या कामाला लावावा. तोंडी मतं घेतली, लेखी घेतली. १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्री विद्वानांना जमवून चर्चा घडवली. मग जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापून तीस हजार रुपये दिले, आणि १९४४ साली जवळपास दोन लाखांची आपली सगळी मालमत्ता त्या संघाला न्यास म्हणून अर्पण केली.

त्या पैशातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. प्राकृत-संस्कृतातले जुने ग्रंथ, आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्यासारख्या संपादकांच्या हाताखाली, पाठभेदांसह छापले गेले. जगभरचे अभ्यासक ज्यांचा आधार घेतात असे ग्रंथ सोलापूरच्या पत्त्यावरून निघाले, आणि चौकात उभं राहून विचाराल तर दहातल्या नऊ सोलापूरकरांना पत्ता नसेल. कुणी म्हणेल, हे एका समाजापुरतंच झालं की. असेल. पण देण्याआधी ज्यांना कळतं त्यांना विचारायचं, आणि दिल्यावर हात काढून घ्यायचा, हा क्रम कोटींच्या यादीतही सहज सापडत नाही.

आपल्या कामाची चावी

हे सगळं वाचून ‘एवढी चौकशी केली तर कोण कशाला देईल?’ असं वाटत असेल, तर एक पाहा: अनेक चांगले देणगीदार स्वतःच हिशेब छापतात. कुठल्या कंपनीने सीएसआरचे किती रुपये कुठल्या जिल्ह्यात लावले, ही माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. गावातली संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते.

रोजच्या कामाची गोष्ट दवाखान्याची. धर्मादाय न्यासाने चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांना महाराष्ट्राच्या कायद्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या एकूण रकमेचे दोन टक्के वेगळ्या निधीत टाकून या उपचारांवर खर्च करायचे असतात. तातडीचा रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागता आधी दाखल करून घ्यायचं असतं. न्यास म्हणून मिळणाऱ्या सवलतींची ही परतफेड आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

तेव्हा पाटीवर ‘चॅरिटेबल’ किंवा न्यासाचं नाव दिसलं तर बिल होईपर्यंत थांबू नका. दाखल करतानाच समाजसेवकाला किंवा समाजसेवा विभागाला गाठा, रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा, आणि ‘निर्धन रुग्ण योजनेतली खाट शिल्लक आहे का?’ असं स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर ते लेखी मागा. तो कागद घेऊन धर्मादाय कार्यालयात तक्रार देता येते.